रेसिंग ड्रायव्हर व्हायचे तर...

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या मुलुंडमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागले, की ओळखीचे पालक सल्ला विचारायला येतात. माझी उमेद ऑटोमोबाइल इंजिनीअरिंग शिकवण्यात गेली, त्यामुळे ज्या घरातल्या मुलाला गाड्यांचे वेड, त्या घरचा प्रश्न माझ्याकडे यायचाच. पूर्वी विचारत, ‘सर, डिप्लोमा बरा की डिग्री?’ अलीकडे एखादे वडील आवाज खाली आणून विचारतात, ‘पोरगा रेसिंग ड्रायव्हर होणार म्हणतो. ह्यात काही अर्थ आहे का हो?’

त्या गृहस्थांना वाटत असते, की मी हसेन आणि विषय संपेल. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोटार शर्यती हा जगभर चालणारा रीतसर व्यवसाय आहे, त्याला पायऱ्या आहेत, परवाने आहेत. मात्र इतर व्यवसायांपेक्षा एक गोष्ट इथे अगदी उलटी आहे. गवंड्याच्या हाताखालच्या पोऱ्यालासुद्धा पहिल्या दिवशी थोडीफार मजुरी मिळते. शर्यतीचा ड्रायव्हर मात्र सुरुवातीची कित्येक वर्षे गाडीत बसण्यासाठी स्वतःच पैसे मोजतो. ह्या धंद्याच्या भाषेत त्याला ‘सीट घेणे’ म्हणतात. हे एक वाक्य नीट समजले, की बाकीचे सगळे समजायला सोपे जाते.

शोरूममधली गाडी

टीव्हीवर आपण जास्त करून फॉर्म्युला वन पाहतो. उघड्या चाकांची, बाणासारखी ती गाडी रस्त्यावर कधी दिसत नाही. शर्यतींची दुसरी मोठी शाखा आहे ती आपल्या ओळखीच्या, बंद टपाच्या गाड्यांची. अमेरिकेत तिला ‘स्टॉक कार’ म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला ठेवलेला माल. शोरूममधून आणलेली गाडी जशीच्या तशी पळवायची, अशी मूळ कल्पना. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू वाहणारी तरुण पोरे पोलिसांना चकवण्यासाठी साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिने जोरकस करून घेत. त्यांच्या आपापसातल्या पैजांनी ह्या खेळाला मोठा हात दिला. अशा विस्कळीत शर्यतींना शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स ह्या गृहस्थाने १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे ‘नॅसकार’ ही संस्था उभी केली.

आज त्या गाडीचे नाव जुने राहिले आहे, वस्तू मात्र पार बदलली आहे. बाहेरून शेवरोले, फोर्ड किंवा टोयोटाचा चेहरा, आत मात्र पोलादी नळ्यांचा पिंजरा, एकच सीट आणि पावणेसहा लिटरहून मोठे आठ सिलिंडरचे इंजिन. डेटोनाचा ट्रॅक चार किलोमीटरचा, वळणावर एकतीस अंशांनी कललेला. तिथली प्रसिद्ध शर्यत पाचशे मैलांची, म्हणजे आठशे किलोमीटरची असते. मुंबई ते नागपूर हे अंतर गोल गोल फिरून, चाळीसेक गाड्यांच्या घोळक्यात, पुढच्या गाडीच्या बंपरला जवळजवळ चिकटून काटायचे! गाडीत तापमान पन्नास अंशांच्या वर जाते. तीन-साडेतीन तास अंगावर जाड, आगरोधक पोशाख. ‘नुसते स्टिअरिंग तर फिरवायचे’ असे म्हणणाऱ्याने मे महिन्यात काचा बंद करून, एसी न लावता ठाण्याहून नाशिकपर्यंत जाऊन पाहावे.

अमेरिकेतली शिडी

तिथल्या मुलाची सुरुवात पाच-सहा वर्षांच्या वयात छोट्या गाड्यांपासून होते. चार वेळा अजिंक्यपद मिळवणारा जेफ गॉर्डन पाचव्या वर्षी ‘क्वार्टर मिजेट’ नावाच्या चिमुकल्या गाडीत बसला. पुढे त्याला कमी वयातही मोठ्या गाड्या चालवता याव्यात म्हणून त्याचे कुटुंब कॅलिफोर्निया सोडून इंडियानात राहायला गेले. मुलाच्या शाळेसाठी आपण डोंबिवलीहून मुलुंडला येतो, तसेच काहीसे. गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर मातीत किंवा डांबरावर शनिवारच्या शर्यती होतात. त्यात नाव झाले, की मग राष्ट्रीय स्तरावरच्या तीन मालिका. आधी पिकअप ट्रकची, मग मधली आणि सर्वांत वर ‘कप’ मालिका. छोट्या ट्रॅकवरच्या ट्रक शर्यतीत सोळाव्या वर्षीही उतरता येते, मोठ्या वेगवान ट्रॅकसाठी अठरा पूर्ण लागतात. कप मालिकेच्या एका शर्यतीत सहसा जास्तीत जास्त चाळीस गाड्या. शिडी खाली रुंद आणि वर किती निमुळती आहे पाहा.

आणखी एक गंमत सांगतो. तिथे ड्रायव्हरच्या गुणतक्त्याबरोबर गाडीच्या मालकाचाही वेगळा गुणतक्ता असतो. आपल्या बैलगाडा शर्यतीत लाउडस्पीकरवर नाव पुकारतात ते मालकाचे. बैल त्याचे, खर्च त्याचा, मान त्याचा. गाडी हाकणारा कितीही तरबेज असला, तरी तो मालकाच्या मर्जीने तिथे असतो. मोटार शर्यतीतही तसेच आहे, आणि ह्या मर्जीला बहुतेक वेळा प्रायोजकाच्या चेकची जोड लागते.

आपल्याकडचा रस्ता

भारतात अमेरिकेसारख्या अंडाकृती ट्रॅकवरच्या स्टॉक कार शर्यतींची परंपरा नाही. पण बंद टपाच्या गाड्यांच्या शर्यती आहेत. त्यांना ‘सलून कार’ म्हणतात. हे नाव ऐकून आमच्या एका शेजाऱ्यांनी केशकर्तनालयाचा संबंध विचारला होता, म्हणून खुलासा. सलून म्हणजे चार-पाच माणसे बसतील अशी बंद गाडी. मागच्या सीट काढतात, आत पिंजरा बसवतात, टायर आणि ब्रेक बदलतात. स्टॉक कारची ही आपल्याकडची सख्खी चुलत बहीण. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या डायना पंडोल हिने चेन्नईत ह्याच गटातले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. राष्ट्रीय कार शर्यतीचे अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. ती शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे. ह्या गटात वयाचे दार लवकर बंद होत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे.

पहिली पायरी मात्र सगळ्यांचीच एक : गो-कार्ट. जमिनीपासून चार बोटे वर असलेली, स्प्रिंग नसलेली, छोट्या इंजिनाची उघडी गाडी. मुंबईत एकेकाळी पवईच्या हिरानंदानीत आणि वडाळ्याच्या भक्ती पार्कजवळ अशा गाड्या भाड्याने फिरवता येत. वाढदिवसाला मित्रांना घेऊन जायचे ठिकाण, असेच बहुतेकांना वाटे. पण त्याच मुंबईच्या रेयोमंड बनाजीने कार्टिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि पुढे स्वतःचा संघ काढून मुले तयार केली. कोल्हापूरला मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक आणि अकादमी उभारली. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या. त्या घरचा ध्रुव मोहिते पुढे सलून गाड्यांच्या शर्यतींत उतरला. तालमींच्या ह्या गावचा कृष्णराज महाडिक २०१७ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला. आखाडा कुठलाही असो, लहानपणी माती लागावी लागते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही.

कार्टिंगनंतर पंधराव्या-सोळाव्या वर्षी दोन फाटे फुटतात. एक सलून गाड्यांचा, दुसरा उघड्या चाकांच्या गाड्यांचा. ह्या दुसऱ्या फाट्यावर आपल्या देशाने काटकसरीची एक सुंदर वाट काढली. कोइमतूरच्या एस. करिवर्धन ह्यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चे इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची गाडी बनवली. नारायण कार्तिकेयनची कारकीर्द अशाच गाडीतून सुरू झाली. आजही मारुतीच्या साध्या इंजिनावर धावणाऱ्या ‘एलजीबी’ गाड्या नवशिक्यांना परवडतात. मोटारसायकलच्या चेन-स्प्रॉकेटवर ‘रोलॉन’ हे नाव वाचले असेल, ती बनवणाऱ्यांचीच ही एलजीबी. राष्ट्रीय शर्यती मुख्यतः चेन्नईजवळच्या आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर होतात. तिथे उतरायला देशातल्या मोटारस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना लागतो. त्यासाठी डॉक्टरी तपासणी आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. आरटीओचे लायसन्स मिळायच्या वयाआधीच ही मुले बंद ट्रॅकवर रीतसर गाडी चालवत असतात.

सीटचे गणित

आता पैशाकडे येऊ. कार्ट किंवा गाडी बहुधा संघाची असते. मेकॅनिक, टायर, पेट्रोल, प्रवेश फी, गाडीची वाहतूक हे सगळे धरून संघ एका मोसमाची रक्कम सांगतो. गाडी ठोकली, तर दुरुस्तीचे बिल वेगळे. त्यात आपला प्रवास आणि मुक्काम. कुर्ल्याहून कोइमतूर एक्स्प्रेस पकडायची, तीन दिवस सरावात आणि शर्यतीत घालवायचे आणि परत यायचे, असे वर्षातून चार-पाचदा. देशांतर्गत कार्टिंगचा मोसमसुद्धा काही लाखांत जातो. परदेशातली फॉर्म्युला टू गाठली, की आकडा काही दशलक्ष युरोंवर पोचतो. एका मध्यमवर्गीय कुटुंबाला मुलुंडमधला राहता ब्लॉक विकूनही तिथला एक मोसम पुरा पडणार नाही.

जेहान दारूवाला हे मुंबईचे ताजे उदाहरण घ्या. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभर गुणशोध मोहीम काढली आणि तीन मुले निवडली. त्यातला एक जेहान. सुरुवातीचे धडे रेयोमंड बनाजीच्या संघात, मग इंग्लंडला कार्टिंग, २०१७ मध्ये न्यूझीलंड ग्रां प्रीचे विजेतेपद, २०१९ मध्ये जागतिक फॉर्म्युला थ्री मालिकेत तिसरा क्रमांक. डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय. गुणवत्ता, मेहनत आणि कुटुंबाचे भक्कम पाठबळ, तिन्ही होते. तरीही फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही, कारण जगात अशा जागाच वीस-बावीस. पुढे तो विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ई मालिकेत मासेराटीच्या गाडीत बसला. हे अपयश नव्हे. वरची फळी गाठली नाही म्हणून शिडी चढणे वाया गेले असे नसते. पण ज्याला सुरुवात करायची आहे, त्याला हा हिशोब आधी ठाऊक हवा.

स्टॉक कारची वाट इथे थोडी दयाळू वाटते. युरोपात २०१२ पासून नॅसकारच्या मान्यतेने मालिका चालते. तिच्यात एकच गाडी दोन ड्रायव्हर वाटून घेतात. दोघांच्या शर्यती वेगळ्या, एक वरच्या गटात, दुसरा खालच्या गटात. त्यामुळे गाडीचा खर्च विभागला जातो आणि नवशिक्याला शेजारी एक मुरलेला जोडीदार मिळतो. सामाईक विहिरीसारखी ही सोय. अद्वैत देवधर हा आपल्याकडचा ड्रायव्हर इटलीच्या काल रेसिंग ह्या संघातून ह्याच मालिकेत धावला. मराठी आडनाव स्टॉक कारच्या छपरावर लागले, ते असे युरोपच्या वाटेने.

आणि नारायण कार्तिकेयनची गोष्ट तर प्रत्येक होतकरूने अभ्यासावी. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. काही वर्षांनी ते दार मिटले. तेव्हा २०१० मध्ये तो अमेरिकेत गेला आणि नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा. तीनशेच्या वेगाची सवय असलेला हा माणूस त्या चिंचोळ्या कढईत बोजड ट्रक घेऊन तेरावा आला. त्या मोसमात प्रेक्षकांनी मते देऊन त्याला मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर निवडले. त्यानंतर पुन्हा फॉर्म्युला वन, मग जपान. ह्या व्यवसायात बढतीची सरळ रेघ नसते. जिथे सीट मिळेल तिथे जाऊन तिथली गाडी शिकायची.

पाय नव्हे, कान आणि शब्द

मग सीट टिकते कशावर? ‘बेदरकारपणावर’ असे मुलांना वाटते. तिथेच त्यांची फसगत होते. मोठ्या शर्यतीत सगळ्यांचाच पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असतो. फरक पडतो तो गाडी काय सांगते ते ऐकण्यात आणि ते मेकॅनिकला नेमक्या शब्दांत सांगण्यात. पावसात माळशेज घाटातून गाडी चालवणाऱ्याला हा अनुभव असेल : कधी स्टिअरिंग वळवूनही पुढची चाके सरळच जायला बघतात, कधी मागचा भाग सटकून बाहेर येतो. स्टॉक कारवाले पहिल्याला ‘टाइट’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘लूज’. ड्रायव्हर रेडिओवरून सांगतो, वळणात शिरताना टाइट आहे, बाहेर पडताना लूज. मग पुढच्या थांब्यावर टायरमधली हवा किंचित कमी-जास्त करतात, मागच्या काचेतून पाना घालून स्प्रिंगवरचा भार बदलतात. आठ-दहा सेकंदांचे काम. चुकीचे सांगितले, तर गाडी आणखी बिघडते. म्हणून संघमालक असा ड्रायव्हर शोधतो, जो गाडी शाबूत परत आणतो आणि तिच्याविषयी खरे बोलतो.

भीती मोडून काढली म्हणजे ड्रायव्हर होतो, हाही एक गैरसमज. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. सात वेळचा विजेता, त्या खेळातला देवच म्हणा ना. धडकेत डोके झटक्याने पुढे जाऊन कवटीच्या बुडाशी इजा झाली. खांद्यांवर बसणारी आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली मानेची आधारपट्टी तेव्हा उपलब्ध होती, पण अनेकांना ती अडगळ वाटे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नॅसकारने अशी आधारपट्टी सक्तीची केली. पुढे ट्रॅकच्या भिंतींनाही धक्का शोषून घेणारे पोलाद आणि फोम लावले. त्यानंतर कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. इतक्या वेगाच्या खेळाने मृत्यूला असे वेशीबाहेर ठेवले, ते धाडसाच्या नव्हे तर नियमांच्या जोरावर.

हे मी एवढे लांबण लावून सांगतो, त्याला कारण आहे. शनिवारी रात्री आमच्या खिडकीतून पूर्व द्रुतगती महामार्गाकडून सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज येतो. ऐरोली पुलाकडे निघालेली पोरे असतात ती. त्यांच्यातल्या एखाद्याच्या हातात खरेच कला असेल. पण तिथे आधारपट्टी नाही, धक्का शोषणारी भिंत नाही, झेंडा दाखवणारा मार्शल नाही. समोरून दूधवाला येतो, रिक्षा येते. रस्त्यावर रेस लावणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी त्या रस्त्यावर मुलगा शर्यतीच्या व्यवसायातले काहीही शिकत नाही. तिथे वेळ मोजणारे घड्याळ नसते, आणि घड्याळाशिवाय ह्या खेळात शिकणे नाही.

मग पालकांनी काय करावे?

मी सांगतो ते असे. मुलगा असो की मुलगी, आधी वर्षभर भाड्याच्या कार्टवर पाठवा. हातात वही द्या. प्रत्येक फेरीची वेळ लिहायला लावा. दहा फेऱ्यांच्या वेळा एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या, तर हात बसतो आहे असे समजा. एकच फेरी जलद आणि बाकीच्या वेड्यावाकड्या, तर तो नुसता जोश आहे. दुसऱ्या वर्षी एखाद्या संघाबरोबर राष्ट्रीय स्पर्धेची एक फेरी करू द्या. त्याआधी घरात बसून दोन गोष्टी ठरवा : किती रक्कम आणि किती वर्षे. कर्ज काढून सीट घेऊ नका. शिक्षण सोडू देऊ नका. मुंबईची स्नेहा शर्मा शर्यतीत गाडी चालवते आणि विमान कंपनीत वैमानिकही आहे. पोटाची सोय असली, की ट्रॅकवरचा माणूस शांत डोक्याने चालवतो.

आणि ड्रायव्हरची सीट नाही मिळाली, तर? त्या एका सीटमागे मेकॅनिक असतो, टायरवाला असतो, गाडीतून येणारे आकडे वाचणारा इंजिनीअर असतो. त्यांना पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो. पुण्याची एआरएआय १९६६ पासून गाड्यांच्या चाचण्या घेते. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा अकरा किलोमीटरहून लांब वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. वाहन कंपन्यांना चाचणी घेणारे ड्रायव्हर लागतात, ज्यांना गाडी ‘ऐकता’ येते. वहीत फेऱ्या लिहिणाऱ्या मुलाला ती कामे सहज जमतील.

तेव्हा तुमच्या घरात कोणी म्हणाले, ‘मला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय,’ तर त्याला एकदम नाही म्हणू नका. त्याला विचारा, गाडी वळणावर काय करते ते मला समजावून सांग. तो नीट सांगू लागला, तर ऐकत राहा.